माड, माणूस आणि दोर

(नागपूर केंद्रावरून दिलेलें भाषण)



माडावर चढण्यासाठीं दोर कसा लावावा या विषयावर मी आज बोलणार आहें, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. बोलणारा मनुष्य नागपूरचा, वयानें साठी उलटलेला, शिक्षणानें मॅट्रिक आणि धंद्यानें निवृत्त शाळामास्तर. त्यानें संत्र्यांविषयीं बोलावें, फार तर शुद्धलेखनाविषयीं बोलावें. माडाशीं त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सुखाचा नाहीं. पुढें तो मी सांगणारच आहें.

आमच्या शहरांत माड नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. कोकणांतल्यासारख्या बागा येथें नाहींत. येथील उन्हाळा माडाला मानवत नाहीं आणि फळहि तो बेताचेंच धरतो. तरी महालापासून धरमपेठेपर्यंत जुन्या घरांच्या आवारांत एखाददुसरा माड उभा असतोच. नव्या वसाहतींत शोभेचे ‘बॉटल पाम’ रांगेनें लावलेले दिसतात. गांवाबाहेर ओढ्याकांठीं शिंदी आहे. आणि दक्षिणेस थेट गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यांत गेलें म्हणजे प्राणहिता व गोदावरी यांच्या कांठीं ताड दिसूं लागतात. हीं सारीं एकाच कुळांतलीं झाडें. त्यांचीं फळें काढावीं लागतात, वाळलेलीं पानें उतरवावीं लागतात, आणि त्यासाठीं कोणाला तरी वर जावें लागतें.

आंब्यावर किंवा कडुनिंबावर चढणाऱ्याला झाड स्वतःच मदत करतें. चार हातांवर एक फांदी, तिच्यावर दुसरी. दोर टाकावयाचा तर जाड बेचकें पाहून टाकतां येतो. माडाला फांदीच नाहीं. जमिनीपासून शेंड्यापर्यंत तो एक खांब आहे आणि त्या खांबाच्या टोकाला पानांचा झुबका आहे. खालून पाहणाऱ्याला हा झुबका मोठा भरभक्कम दिसतो. झावळीचा देठ मनगटाहून जाड असतो. त्याला दोर अडकवला तर काय बिघडेल, असें कोणालाहि वाटेल. परंतु पान तें पानच. जुनें झालें कीं तें गळावयाचेंच. खालच्या रांगेंतली झावळी हिरवी दिसत असली, तरी तिचें बूड खोडापासून सुटत आलेलें असूं शकतें, आणि जमिनीवरून तें दिसत नाहीं. बॉटल पाम आणि पोफळ यांची गोष्ट याहून फसवी आहे. त्यांच्या शेंड्याखालीं जो गुळगुळीत हिरवा भाग दिसतो, तें खोड नव्हे. पानांच्या विऱ्या एकमेकींवर गुंडाळून झालेली ती नळी आहे. तिला आवळलेला दोर बाहेरच्या विरीसकट खालीं येतो. ताडाचें पान तर उघड वैरी आहे. त्याच्या देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काळे दांते असतात आणि ताणलेला दोर त्यांवर घासला तर कापला जातो. तेव्हां दोर पानाच्या भरंवशावर लावावयाचा नाहीं, तो खोडालाच लावावयाचा. हें मी आज ठासून सांगतों. सात वर्षांपूर्वीं मला तें ठाऊक नव्हतें.

आमच्या अंगणांतला माड वडिलांनीं लावलेला. आज तो सुमारें ५० फूट उंच आहे. त्या वर्षीं दिवाळीला पाहुणे यावयाचे होते, आणि वाळक्या झावळ्या शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडतात म्हणून त्यांचीहि कुरकुर चालली होती. नेहमींचा चढणारा गडी मीं बोलावला. वर्षानुवर्षें तो पायांत दोरीचा फास अडकवून, कमरेला कोयता खोंचून, सरसर वर जात असे. त्या दिवशीं आश्विनांतला पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि खोड ओलें होतें. तो आपण होऊनच म्हणाला, “गुरुजी, आज दोर असला तर द्या.” गच्चीवर पडलेला निळा प्लॅस्टिकचा दोर मीं त्याला दिला. त्यानें सुतळीला दगड बांधून ती झुबक्यावरून पलीकडे फेकली, सुतळीमागून दोर ओढून घेतला, एक टोक कमरेला बांधलें, आणि दुसऱ्या टोकाचा पेरूच्या बुंध्याला एक वेढा देऊन तें माझ्या हातीं दिलें. तो चढेल तसा मीं दोर ओढून घ्यावयाचा. मला मोठें समाधान वाटलें; आज आपण सुरक्षितपणें काम करीत आहों, असें मी घरांतल्या मंडळींना म्हणालोंसुद्धां. शिवाय त्याला घाईहि मींच केली.

अर्ध्याहून अधिक चढून गेल्यावर दम खाण्यासाठीं त्यानें दोरावर भार टाकला. वर पानाचा देठ सुटल्याचा आवाज झाला, आणि झावळी व दोर हीं दोन्हीं खालीं आलीं. त्यानें खोडाला मिठी मारली. छाती आणि हात सोलून काढीत तो घसरत आला आणि शेवटचे दहाबारा फूट सुटून न्हाणीच्या पायरीवर पडला. टांच मोडली, कंबर मोडली. आम्हीं त्याला घाईघाईनें उचलून रिक्षांत बसवून नेलें. पाठीच्या कण्याला मार लागलेल्या मनुष्याला असें बसवूं नये, सपाट फळीवर निजवून न्यावें, १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत हलवूंच नये, हें डॉक्टरांनीं नंतर सांगितलें. तो वांचला. पुन्हां माडावर मात्र चढला नाहीं.

आठवड्यानें तोच दोर हातांत घेऊन मीं दोन झटके दिले. आंतून पांढरा भुगा निघाला आणि तो तुटला. म्हणजे पान टिकलें असतें तर दोर टिकला नसता. एका माणसाच्या जिवाला आम्हीं दोन आधार योजले होते, आणि ते दोन्ही खोटे होते. त्यांतला एक माझ्या घरचा होता.

शाळेंत मीं पडणाऱ्या वस्तूचें गणित फळ्यावर किती वेळां सोडविलें असेल, त्याची गणती नाहीं. ५० फूट म्हणजे सुमारें १५ मीटर. तेथून सुटलेली वस्तु पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येते आणि येतां येतां तिचा वेग ताशीं ६० किलोमीटरांच्या वर जातो. उत्तर बरोबर आलें कीं पैकीच्या पैकी गुण. त्या वस्तूला घरीं बायकामुलें असूं शकतात, असें मनांत कधीं आलें नव्हतें.

त्यानंतर मीं या विषयाचा शोध घेऊं लागलों. नोकरीच्या आरंभीं मी सिरोंचाकडे होतों, तेव्हांचें बरेंच आठवूं लागलें. तिकडे ताडावर चढणारा मनुष्य एक जाड दोराचें कडें खोडाभोंवतीं आणि आपल्या पाठीभोंवतीं घेतो. तेलुगूंत त्याला मोकु म्हणतात. पायांत वेगळा फास असतो. मागें रेलून तो कड्यावर भार देतो, पाय वर घेतो, मग कडें उचलून वर टाकतो. पाहत राहावें इतकी ती क्रिया सुरेख असते. कोकणांत पोफळीवर चढणारे तर एका झाडाचा शेंडा झुलवून दुसऱ्या झाडावर जातात. पुन्हां खालीं उतरण्याचा खटाटोपच करीत नाहींत. या लोकांच्या कसबाला नांवें ठेवण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु एक गोष्ट तेव्हां माझ्या ध्यानांत आली नव्हती, ती आतां आली. मोकूचें कडें चढणाऱ्याला पेलतें, तें तो मागें रेललेला असतो तोंपर्यंतच. पाय घसरला आणि छाती खोडाला येऊन आपटली, कीं कडें सैल पडतें, आणि सैल पडलेलें कडें माणसाबरोबर खोडावरून खालीं घसरतें. पायांतला फास तर केवळ पायांपुरता. म्हणजे हे सारे दोर चढण्याचे आहेत. पडणाऱ्याला झेलण्याचे नव्हेत. तेलंगण सरकारनें २०२४ सालीं ताडी काढणाऱ्या कामगारांना ‘काटमय्या रक्षा’ या नांवानें दोर व पट्टे यांचा संच देण्यास आरंभ केला, तो याच उणिवेवर उपाय म्हणून.

कोकणांत व गोव्यांत माडाच्या खोडाला खाचा पाडून पायऱ्या करण्याचीहि चाल आहे. ती झाडाला मानवत नाहीं. आंब्याच्या खोडाची जखम सालीखालच्या वाढीनें हळूहळू भरून येते. माडाच्या खोडांत तशी वाढ नाहीं, त्यामुळें त्याची जखम जन्मभर उघडी राहते. तींतून पाणी मुरतें आणि सोंड्या भुंग्याला अंडीं घालण्यास आयती जागा मिळते. बुटांना लोखंडी खिळे लावून चढणारे हाच अपराध वेगळ्या रीतीनें करतात. आणि आंतून पोखरलेल्या माडाला दोर कितीहि चांगला बांधला, तरी तो कशाला बांधला?

अपघातानंतर दोन वर्षें आमचा माड तसाच राहिला. मग एक तरुण आला; डोंगर चढण्याच्या छंदांतून तो या कामाकडे वळलेला. त्याचें काम मीं खुर्ची टाकून पाहिलें, आणि आज आपणांस सांगण्यासारखें जें कांहीं आहे तें बहुतेक त्या सकाळचें आहे.

आल्याबरोबर तो चढला नाहीं. झाडाभोंवतीं तीन फेऱ्या घातल्या. लांकडी हातोडीनें खोड ठोकून आवाज ऐकला, बुंध्याशीं भोंकें किंवा तांबूस चीक आहे काय तें पाहिलें, दुर्बीण लावून झुबक्यांत गांधीलमाशांचें पोळें नाहीं याची खात्री केली, विजेच्या तारा किती दूर आहेत तें पावलांनीं मोजलें. मीं विचारलें, “सुतळी फेकणार नाहीं का?” तो म्हणाला, “वरचें पान माझ्या ओळखीचें नाहीं गुरुजी. खोड समोर आहे.”

चढण्यासाठीं त्यानें दोन लोखंडी चौकटी आणल्या होत्या. हें साधन केरळांतलें. कण्णूर जिल्ह्यांतील चेंबेरी गांवच्या जोसेफ नांवाच्या शेतकऱ्यानें तें काढलें. प्रत्येक चौकटीला तारेच्या दोराचा वेढा असतो आणि तो खोडाला घातलेला असतो. पाय ठेवून भार दिला कीं वेढा आवळतो, पाय उचलला कीं सैल होतो. एक पाय स्थिर, दुसरा वर, असें जिना चढल्याप्रमाणें जातां येतें. नारळ विकास मंडळानें २०११ पासून तरुणांना आणि स्त्रियांनाहि अशा यंत्रावर चढण्याचें शिक्षण दिलें आहे. परंतु या चौकटींना तो तरुण केवळ जिनाच समजत होता. जीव त्यानें त्यांच्यावर टाकला नव्हता.

जीव होता दोन दोरांवर. कंबर आणि दोन्ही मांड्या यांना धरणारा पट्टा त्यानें अंगांत चढविला. नुसता कमरेचा पट्टा चालत नाहीं. त्यावर लटकलेला मनुष्य मध्येंच मोडल्यासारखा होतो आणि त्याचा श्वास कोंडतो. पट्ट्याच्या पुढच्या कडीपासून एक दोर निघाला, तो खोडाभोंवतीं फिरून स्वतःच्याच टोकावरील कडींतून परत आला. म्हणजे तें सैल कडें राहिलें नाहीं, फास झाला. ओढ बसली कीं तो खोडाला आवळतो, आणि जितकी ओढ अधिक तितका घट्ट आवळतो. मोकूच्या उलट प्रकार. मनुष्य छातीवर आपटला तरी याची पकड सुटत नाहीं, वाढतेच. असाच दुसरा फास दुसऱ्या दोराचा. पहिला डोक्याच्या उंचीवर सरकवून, त्यावर अंग टाकून पाहून, मगच तो खालच्याला हात लावी. दोन्ही फास एकाच वेळीं सैल आहेत असा क्षण मला चढण्यांत एकदांहि दिसला नाहीं. जुन्या देठांचीं थोटें आडवीं आलीं तेव्हां एक फास थोटांच्या वर नेऊन आवळला, आणि नंतर दुसरा सोडला.

फास नेहमीं छातीच्या वर कां, हेंहि त्यानें मला समजावलें. गणित सोपें होतें, पण मला तें सुचलें नव्हतें. दोन हात लांबीचा दोर ज्या फासाला बांधलेला आहे, तो फास पायांपाशीं राहिला, तर मनुष्य आधीं दोन हात खालीं येऊन फासापर्यंत पोंचतो आणि मग आणखी दोन हात खालीं जातो. चार हातांचा झटका त्याच्या कमरेला बसतो. फास डोक्यावर आणि दोर ताठ असेल, तर पडणें असें होतच नाहीं. मनुष्य नुसता बसतो.

वर पोंचल्यावर त्यानें तिसरा दोर लावला, तो उतरण्याचा. नारळाच्या घडांच्या खालीं, जेथें खोड अजून खोड आहे तेथें, धांवता फास करून तो आवळला. तो दोर १०० फुटांहून लांब होता. दुप्पट घेतला तरी त्याचें टोक जमिनीवर लोळत होतें, आणि टोकाला गाठ मारलेली होती. दोर तोकडा पडून शेवटीं हातांतून निसटलेलीं माणसें आहेत, असें तो म्हणाला. फासाची गाठ पाहून मी चकित झालों. ती बोलाईन गाठ होती. बालवीरांच्या पथकाला मीं ती वर्षानुवर्षें शिकविली, पारितोषिकेंहि मिळविलीं. मुलें डोळे बांधून ती मारीत. परंतु गाठीबाहेर टोक वीतभर लांब ठेवावें आणि तें मूळ दोराला पुन्हां बांधावें, हें मीं कोणाला सांगितलें नाहीं, कारण स्पर्धेंत त्यानें वेळ जाई. सुरगाठ एका ओढीनें सुटते, निरगाठ सुटत नाहीं, एवढें आपल्या घरांतल्या बायकांनाहि ठाऊक असतें; जिवाच्या दोराला मात्र न सुटणारी आणि तरीहि काम झाल्यावर हातानें सोडवितां येणारी गाठ लागते.

कोयता चालूं झाला तेव्हां माझा जीव वर गेला. ताणलेल्या दोराला कोयत्याचें नुसतें टोक लागलें तरी तो तुटतो. त्यासाठीं दोन फासांपैकीं एकाच्या दोरांत पोलादी तार होती, आणि कापतांना तो दोन्ही दोरांवर असे. कोयतासुद्धां वेगळ्या दोरीनें पट्ट्याला बांधलेला. हातांतून सुटला तर खालच्याच्या डोक्यावर पडूं नये. खालीं त्याचा सोबती उभा होता आणि आंगणांत मलासुद्धां एका रेघेच्या आंत येऊं देत नव्हता.

हा सोबती केवळ दोर गुंडाळण्यासाठीं नसतो. पट्ट्यांत लटकलेला मनुष्य बेशुद्ध असला, तर पायांत रक्त उतरून कांहीं मिनिटांतच त्याच्या जिवावर बेततें. अग्निशामक दल येईपर्यंत थांबण्यास वेळ असतोच असें नाहीं. तेव्हां वर जाऊन त्याला उतरविण्यास समर्थ असा दुसरा मनुष्य, दुसऱ्या पट्ट्यासह, खालीं तयार पाहिजे. शोभेच्या कांहीं पंखेवजा पामांना वाळलेल्या पानांचा घागऱ्यासारखा घेर खोडाभोंवतीं लोंबत असतो. त्या घेराच्या आंत शिरून चढूं नये. तो सगळा एकदम घसरून अंगावर बसतो. कॅलिफोर्नियांत अशा ओझ्याखालीं गुदमरून माणसें मेलीं आहेत, आणि तीं दोरानें बांधलेलीं होतीं.

आतां दोराविषयीं. बाजारांतला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर हलका, स्वस्त आणि पाण्यावर तरंगणारा आहे. बादलीला तो उत्तम. उन्हांत मात्र तो कुजतो, आणि कुजला तरी पुष्कळ दिवस रंगानें चांगला दिसतो. घासल्यानें तापला तर लवकर वितळतोहि. जिवासाठीं गिर्यारोहणाचा किंवा बचावकार्याचा नायलॉनचा दोर घ्यावा. पट्ट्यावर भारतीय मानकाचा आय. एस. ३५२१ हा क्रमांक आहे कीं नाहीं तें पाहावें. गाठ मारली कीं दोराचें बळ सुमारें एकतृतीयांशानें कमी होतें, म्हणून अंगापेक्षां कितीतरी अधिक ओझें पेलणारा दोर लागतो. तो सावलींत वाळवावा, पायाखालीं तुडवूं नये, मोटारीच्या बॅटरीजवळ ठेवूं नये. प्रत्येक खेपेस संपूर्ण लांबी बोटांतून सोडून पाहावी. एखादी जागा ताठ, मऊ किंवा लवदार लागली तर दोर बाद. आणि बाद दोर गच्चीवर टाकूं नये. त्याचे हातहात लांबीचे तुकडे करावे, म्हणजे तो उद्यां कोणाच्या कमरेला जाणार नाहीं. मीं माझ्याच दोराबाबत हें केलें असतें तर आज हें भाषण झालें नसतें.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मतें खरी गोम तेथेंच आहे. आपण झाडामागें पैसे ठरवितों. जुना गडी पांच मिनिटांत वर जाई. त्या तरुणाला चढण्यासच पाऊण तास लागला आणि सगळें काम आटोपण्यास अडीच तास. झाडाप्रमाणें पैसे मिळणाऱ्यानें दोर लावला कीं त्याचीं दिवसाचीं झाडें निम्म्यावर येतात. मग तो दोर लावीत नाहीं, आणि आपण म्हणतों, हे लोक बेफिकीर असतात. बेफिकीर कोण, तें आंगणांतल्या खुर्चीवरून चांगलें दिसतें. तेव्हांपासून मी वेळेप्रमाणें पैसे देतों, सोबत्याचे वेगळे देतों, आणि वारा किंवा ओल असली तर काम न करतां परत जाण्याचेहि अर्धे देतों. नारळ बाजारांतून घेतले तर स्वस्त पडतील, हें घरांतून मला दरवर्षीं ऐकविलें जातें, आणि तें खरें आहे.

गेल्या वर्षीं मृगाच्या आधीं तो तरुण पुन्हां आला, तेव्हां आमचा जुना गडीहि काठी टेकीत पाहण्यास आला होता. तो आतां भाजीच्या हातगाडीवर बसतो. मीं त्याला खुर्ची दिली. वर काम चाललें असतां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग सोबत्याकडून दोराचें एक टोक मागून घेतलें आणि खुर्चीच्या दांड्याला तीच गाठ मारून पाहूं लागला. पहिल्या खेपेस चुकली. दुसऱ्या खेपेस बरोबर आली, तेव्हां त्यानें ती ओढून पाहिली, आणि टोक वीतभर मोजून मला दाखविलें.